दोन्ही काचा डाव्या

आमच्या सरांसमोर डावं-उजवं म्हणायची सोय नव्हती. कुणी चुकून म्हटलंच, तर लगेच विचारायचे, "कुणाचं उजवं? तुझं, माझं की पेशंटचं?" प्रश्न रास्त होता. पण त्यावर त्यांनी काढलेला तोडगा फक्त त्यांनाच सुचू शकला असता. त्यांनी पेशंटच्या पोटात अख्खं बंगळूर वसवलं होतं. ऑपरेशन दिसतं त्या पडद्याच्या एका कडेला मल्लेश्वरम, म्हणजे त्यांचं घर. दुसऱ्या कडेला यशवंतपूर, म्हणजे आमचं हॉस्पिटल. आणि पार आत, खोल, जिथे आपलं काडीचं काम नसताना चिमट्याचं टोक जाऊन धडकतं, ते मारतहळ्ळी.

"अय्यो अम्मा, मारतहळ्ळीला कशाला गेलीस? आता परत यायला संध्याकाळ होईल की!"

मी निपाणीकडची, नुकतीच आलेली. दुर्बिणीची ऑपरेशनं शिकायची म्हणून घरच्यांशी भांडून आले होते. पहिल्याच दिवशी असं ऐकल्यावर मी गांगरले आणि चिमटा सोडून दिला. सर एवढे हसले की त्यांना खोकला लागला. मराठी घरातला माणूस, पण घराणं पिढ्यान् पिढ्या इथलं. त्यांची मराठी कानडीत चांगली मुरलेली. प्रत्येक मुलीला अम्मा, प्रत्येक मुलाला अप्पा. 'थोडं' हा शब्द त्यांना येत होता की नाही देव जाणे, कारण त्यांच्या तोंडून यायचं ते 'स्वल्प'च.

ज्यांनी हे ऑपरेशन कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पोट उघडायचं नाही. बारीक भोकं पाडायची, एकातून कॅमेरा आत, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारं आत, आणि आपण बघायचं ते टीव्हीच्या पडद्यावर. ऐकायला सोपं. पण भोकातून गेलेली दांडी तराजूच्या दांडीसारखी चालते. हात यशवंतपूरला न्यावा, तर टोक मल्लेश्वरमला जातं. हे आठवड्याभरात अंगवळणी पडतं. अवघड असते ती खोली. पडदा सपाट. समोरची गोष्ट जवळ आहे की लांब, ते पडदा सांगत नाही. चिमटा पुढे करावा आणि टोक हवेतच मिटावं, किंवा भसकन पलीकडे जाऊन घुसावं. आमच्यातला प्रत्येकजण मारतहळ्ळीला जाऊन आलेला होता.

सरावाच्या खोलीत सरांनी एक जुना, जाडजूड, पाठीला पोक आलेला टीव्ही ठेवला होता. त्यांच्याच घरचा. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्याला विणलेलं कव्हर घातलं होतं. तो ठेवला होता बुटक्या स्टुलावर, आमच्या कमरेच्या उंचीला. बाकी सगळीकडे पडदे डोळ्यांसमोर नाहीतर डोक्याच्या वर टांगलेले असायचे. एकदा केदारनं, माझ्या बरोबरीच्या पुण्याच्या मुलानं, तो टीव्ही उचलून कपाटावर ठेवला. सर आले, बघितलं आणि म्हणाले, "घरी भाजी चिरताना आकाशाकडे बघून चिरतोस काय रे अप्पा?" टीव्ही परत खाली आला. मान खाली घालून काम केलं की डोळे आणि हात एकाच दिशेला राहतात, हे आम्हाला नंतर पटलं. तेव्हा मात्र केदार आठवडाभर कुरकुरत होता.

टीव्हीशेजारी एक प्लास्टिकचा खोका. त्याला भोकं, आत कॅमेरा, आणि तळाला एका वाटीत सरावाचं सामान. वर्षभर द्राक्षं, फुगे, दोरे असलं काहीबाही असायचं. पण थंडी पडली आणि बाजारात अवरेकाळू आले, की सर दुसऱ्या कशाला हात लावू द्यायचे नाहीत. अवरेकाळू म्हणजे आपले ओले पावटेच म्हणा ना. बंगळूरचे लोक त्या दिवसांत वेडे होतात. दाणे भिजवायचे, एकेक दाणा बोटांत धरून दाबायचा, सालातून तो सुळकन बाहेर उडतो. त्या सोललेल्या दाण्यांना हितकबेळे म्हणतात आणि त्याचं सारू करतात. घरोघरी बायका गप्पा मारत हे करत बसतात. आमच्याकडे ते काम चार शिकाऊ सर्जन करत, टीव्हीत बघून, हातभर लांब चिमट्यांनी. हत्यारं सरावाची वेगळी आणि उकळलेली, घाबरू नका. सोललेले दाणे सर डब्यात घालून घरी न्यायचे. दुसऱ्या दिवशी अक्का त्याचं सारू करून पाठवायच्या, आणि त्याबरोबर निरोपही.

"अक्का विचारत होती, काल तुमच्यात मारामारी झाली का? एकही दाणा धड नव्हता."

माझे दाणे मात्र धड असायचे. हे मी फुशारकीनं सांगतेय असं म्हणा हवं तर, आहेच फुशारकी. त्या पोकवाल्या टीव्हीवर माझा हात चौघांत सगळ्यात हलका होता. सर मागं उभे राहून बघायचे, "सरी, सरी," म्हणायचे आणि पुढं जायचे. एवढं 'सरी' मिळालं की माझा दिवस चांगला जायचा. गावी आईला फोन करून मी सांगायचे, आज मला दोन वेळा ठीक म्हटलं. आई म्हणायची, ठीक म्हणाले म्हणजे काय फार मोठं झालं? तिला काय कळणार.

मग आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, आसपास नवा पडदा आला. जुन्या टीव्हीच्या दुप्पट. त्याच्या कॅमेऱ्याला दोन डोळे, पडद्यावर एकात एक मिसळलेली दोन चित्रं, आणि ती बघायला काळा चष्मा. चष्म्याची डावी काच डाव्या डोळ्याचं चित्र आत सोडते, उजवी उजव्याचं. डोक्यात दोन्ही जुळली की सपाट पडद्याला खोली येते. केदारनं चष्मा घातला आणि ओरडला, "अरे काय भारी आहे हे! हात घालून उचलावं वाटतंय!" बाकीचेही ओरडले. मीही घातला. मला टीव्ही दिसला. मोठा, जरा अंधारा टीव्ही. मला वाटलं, नव्या वस्तूचं लोक कौतुक करतातच, आमच्या गावात पहिला फ्रिज आला तेव्हाही असंच झालं होतं. मी पण म्हटलं, छान आहे.

सरांना तो पडदा डोळ्यासमोर नको होता. आयुधपूजेला त्यांनी चिमट्यांना, खोक्याला, पोकवाल्या टीव्हीला, इतकंच काय त्याच्या स्टुलालाही हळदकुंकू लावलं आणि नव्या पडद्यासमोरून बोट पुसत निघून गेले. "बेडा," म्हणाले, म्हणजे नको. "त्याला कशाला? तो अजून पाहुणा आहे."

पण पाहुणा कामाचा निघाला. थंडी पडून अवरेकाळू परत आले, तेव्हा ज्याच्या दाण्यांच्या चिंध्या व्हायच्या तो केदार, त्या पडद्यावर आठवड्याभरात अख्खे दाणे काढायला लागला. बाकीची दोघंही. मी होते तिथेच राहिले. नव्हे, मागे सरकले. त्या चष्म्यानं माझं डोकं चढायचं, चित्र मधूनच हलल्यासारखं व्हायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. सगळे माझ्या पुढं गेले आणि का गेले ते मला कळेना. मला स्वतःचाच राग यायचा.

एक दिवस मी पाण्याची बाटली विसरले म्हणून परत वळले, तर खोलीत सर एकटेच. काळा चष्मा लावून नव्या पडद्यासमोर. चिमट्यानं एक दाणा उचलायचे, ठेवायचे, परत उचलायचे. तोंडानं हळूच, "अय्यो... अय्यो, काय दिसतं गं अक्का!" अक्का तिथे कुठल्या? त्या मल्लेश्वरमला. मी पाय न वाजवता निघाले. दुसऱ्या दिवशी नव्या पडद्याच्या चौकटीला कुंकवाचं बोट लागलेलं होतं. पूजा होऊन कितीतरी दिवस झाले होते.

आणि त्यांनी ते आम्हाला सांगूनही टाकलं, हे त्यांचं वैशिष्ट्य. "माझी समजूत चुकली. हे खरंच चांगलं आहे. शिकणारा लवकर शिकतो. मला वाटायचं सोपं केलं की माणूस आळशी होतो. तसं काही नाही." एवढं बोलून त्यांनी डब्यातली इडली तोंडात टाकली. विषय संपला.

त्याच सुमाराला मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे हॉस्पिटलच्या प्रमुखांनी, जाहीर केलं की नवं थिएटर सुरू होतंय. तिथे फक्त नवे पडदे असतील. आम्हा चौघांना पुढं तिथेच काम मिळेल, पण नव्या पडद्यावर प्रत्येकाचं एक अख्खं ऑपरेशन ते स्वतः उभं राहून बघणार. हात पटला तर राहायचं. नाही पटला तर दुर्बिणीचं काम विसरायचं, वॉर्ड सांभाळायचा. बोलले शांतपणे, वावगं काहीच नव्हतं त्यात. त्यांना पेशंटची काळजी. मी मात्र त्या रात्री आईला फोन केला नाही.

त्यानंतर घडलं ते सरांच्या हट्टामुळे. नवा पडदाही त्यांना बुटक्या स्टुलावर हवा होता. तंत्रज्ञ म्हणाला, सर, मी करतो. पण वायरींना दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. स्वतःच सगळ्या उपटल्या, आमच्याकडून पडदा खाली उतरवून घेतला, स्वतःच परत खोचल्या. खोका लावला, वाटीत दाणे घातले. "चल रे अप्पा, बस."

केदार बसला. चिमटा पुढं केला आणि टोक सरळ वाटीच्या बुडावर आपटलं. परत केला, टोक हवेत मिटलं. तो घामाघूम झाला. "सर, काहीतरी वेगळंच होतंय. मला मळमळतंय." सर म्हणाले, सकाळी काय खाल्लंस? मग दुसरा बसला, त्याचं तेच. तिसरी बसली, तिनं चष्माच काढून ठेवला. वैतागून सर स्वतः बसले आणि पहिल्याच फटक्यात त्यांचा चिमटा वाटीपलीकडे जाऊन खोक्याला धडकला.

"मारतहळ्ळी!" केदार ओरडला. इतक्या दिवसांचं उट्टं त्यानं काढलं. आम्ही हसून हसून लोळायचे बाकी राहिलो.

मग मी बसले. चष्मा लावला. दाणा धरला, साल सोललं, दाणा वाटीत. दुसरा धरला. तिसरा. नेहमीसारखाच माझा संथ कारभार, नेहमीसारखंच जड डोकं. दोन-चार दाणे झाल्यावर लक्षात आलं की सगळे माझ्या चिमट्याकडेच बघतायत.

सर उठले, पडद्याच्या मागं गेले, वायरी बघितल्या. डाव्या चित्राची वायर उजवीकडे आणि उजव्याची डावीकडे. त्यांनीच उलटी खोचली होती. त्यामुळे ज्यांना खोली दिसते त्यांच्यासाठी जवळचं लांब झालं होतं आणि लांबचं जवळ. त्यांनी वायरी नीट लावल्या आणि मला म्हणाले, परत कर. मी केलं. काही फरक नाही.

"तुम्ही सगळे कॉफी पिऊन या," ते बाकीच्यांना म्हणाले. दार लागलं. स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. "अम्मा, लहानपणी डोळ्याचं काही झालं होतं काय?"

झालं होतं. माझा एक डोळा तिरळा होता. शाळेत जायच्या आधी मिरजेला नेऊन ऑपरेशन करून सरळ केला. फोटोत आता कळतही नाही, म्हणून आई खूश, म्हणून मीही विसरलेली. सरांनी एक पेन माझ्या डोळ्यांसमोर धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं आणि टोकाला टोक लाव म्हणाले. मला लागेना. मग त्यांनी हळूहळू समजावलं. डोळा सरळ झाला, पण दोन्ही डोळ्यांची चित्रं डोक्यात जुळायचं वय निघून गेलं होतं. माझे दोन्ही डोळे बघतात, पण एकत्र बघत नाहीत. तो पडदा माझ्यासाठी नुसताच टीव्ही होता आणि पुढंही तोच राहणार होता.

मी रडले. लाज सोडून हुंदके देऊन रडले. "मग आता काय करू सर? गावी जाऊन सर्दी-पडशाच्या गोळ्या देत बसू? ह्याच्यासाठी आले होते का मी?"

"स्वल्प रड," ते म्हणाले. खरंच थांबले. मग खिशातून रुमाल काढून दिला, त्याला अवरेकाळूचा वास. "झालं? आता सांग. त्या जुन्या टीव्हीवर कुणालाच खोली दिसत नाही. मग तुझा दाणा धड कसा यायचा? तुला कसं कळायचं तो कुठे आहे?"

मी कधी विचारच केला नव्हता. डोळे पुसत सांगायला लागले. आधी टोकानं हळूच शिवून बघते. कॅमेरा स्वल्प इकडे-तिकडे हलवायला सांगते, मग जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. चिमट्याचं टोक दाण्याआड गेलं की कळतं पलीकडे पोचलं. आणि घाई करत नाही, कारण केली की चुकतंच.

"कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. पाणी ओततानाही मी आधी भांडं पेल्याला टेकवते."

सर गुडघ्यावर थाप मारून हसले. "अगं, आम्ही सगळे नोकरीपुरते जुन्या टीव्हीवर बसतो. तू त्यातच जन्म काढलास! तुला काय भीती?"

मोठ्या डॉक्टरांकडे त्यांनी मला स्वतः नेलं. काही लपवलं नाही. मोठे डॉक्टर कानडीत म्हणाले, वाईट वाटतं, पण त्या थिएटरमध्ये दुसरा पडदा नसणार. तिला जमतं की नाही ते मी माझ्या डोळ्यांनी बघेन, सर्टिफिकेट बघणार नाही. सर म्हणाले, "सरी." बाहेर आल्यावर मी चिडले, तुम्ही भांडला का नाहीत म्हणून. ते म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. माझ्या पोटात कुणी हात घालणार असेल तर मीही हेच म्हणेन."

दुसऱ्या दिवशी आले ते उशिरा, डोळे तांबारलेले. पिशवीतून नवा काळा चष्मा काढला. त्याच्या उजव्या काचेभोवती जखमेवर लावतात ती पांढरी चिकटपट्टी. "घाल."

घातला. चित्र थांबलं. हलणं नाही, डोळ्यांत पाणी नाही, डोकं शांत. सपाट, स्वच्छ, माझ्या ओळखीचा टीव्ही.

"दोन्ही काचा डाव्या आहेत," सर म्हणाले. "दोन वेगळी चित्रं तुझ्या डोक्यात भांडत होती, आता दोन्ही डोळ्यांना एकच. दुसऱ्या चष्म्याची डावी काच काढून, अक्काच्या शिवणाच्या कात्रीनं कापून बसवली. कात्री बोथट झाली म्हणून ओरडा बसलाय." हॉस्पिटलचे दोन चष्मे बाद केल्याबद्दल त्यांना कुणाचा ओरडा बसला ते मी विचारलं नाही.

त्या चष्म्यानं मी भराभर सुधारले. केदार, तसा चांगला मुलगा, माझ्यासाठी तासन् तास दाणे भिजवून खोक्यात घालायचा. अक्कांचा निरोप आला, हे दाणे कुणाचे, तिला म्हणावं जेवायला ये.

मग माझा दिवस आला. पित्ताशय काढायचं होतं. टेबलावर मल्लेश्वरमच्याच एक बाई. पडदा खाली, सरांनी लावून घेतलेल्या उंचीला. मोठे डॉक्टर चष्मा लावून माझ्या मागं उभे. कॅमेरा धरायला सर. कॅमेरा धरणं हे शिकाऊंचं काम, पण ते हट्टानं उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघायची हिंमत नव्हती.

काम सुरू झालं. पहिल्यांदा शिवून बघितलं, मग धरलं. जिथे मला शंका यायची तिथे मी बोलायच्या आधीच कॅमेरा अलगद हलायचा, एकदा यशवंतपूरकडे, एकदा मल्लेश्वरमकडे. जवळचं सरकायचं, लांबचं थांबायचं, आणि मला कळायचं. मला नेमकं कुठे दिसत नाहीये ते त्यांना कसं कळत होतं? मी दचकायची तिथेच तेही थांबत होते. नळी दिसली, रक्तवाहिनी दिसली, दोन्ही नीट सुट्या केल्या. क्लिपा लावल्या, कापलं. घाई केली नाही. अख्ख्या ऑपरेशनभर मारतहळ्ळी हा शब्द निघाला नाही. पित्ताशय यकृतापासून सुटून पिशवीत आलं.

मोठे डॉक्टर म्हणाले, "छान. सोमवारपासून नव्या थिएटरमध्ये या." बस, एवढंच. पेशंटला बाहेर नेलं, मोठे डॉक्टर गेले, आणि मी भिंतीला टेकून उभी राहिले. रडू येत होतं आणि हसूही येत होतं.

हातमोजे काढून मी चष्मा ट्रेमध्ये ठेवला. सरांनीही त्यांचा काढून शेजारी ठेवला. दोन काळे चष्मे, दोन्हींना पांढरी चिकटपट्टी. माझ्या चष्म्याला उजवीकडे. त्यांच्या चष्म्याला डावीकडे.

मी तो उचलला. दोन्ही काचा उजव्या.

"सर, म्हणजे तुम्हाला पण सपाटच दिसत होतं?"

"दोन चष्मे कापले की एकाचे दोन डावे होतात, दुसऱ्याचे दोन उजवे. टाकून कसा देणार?" ते हात पुसत म्हणाले. मग जरा ओशाळून म्हणाले, "अगं, कॅमेरा धरायचा म्हणजे तुला दिसतं तेच मला दिसायला पाहिजे. नाहीतर मी मल्लेश्वरमला आणि तू मारतहळ्ळीला. ते कसं चालेल?"

"पण सर, तुम्हाला ते खोल दिसलेलं किती आवडतं!"

"आवडतं की," सर म्हणाले. "उद्या बघेन. चल, अक्कानं सारू पाठवलंय, गार होईल."